मक्याच्या मधोमध पाइन

नर्सरीत नोकरी केली असं सांगितलं की लोक म्हणतात, "वा, मजा आहे बुवा! फुलं, सावली, थंड हवा!" मी मान डोलावतो. कसली मजा घेऊन बसलात! नोकरीची पहिली काही वर्षं मी निव्वळ घाबरत काढली. शेठला घाबरलो, किडीला घाबरलो, रोपांच्या मुळाशी लागणाऱ्या बुरशीला घाबरलो. आणि एका सकाळी जे घाबरलो, त्याच्यापुढे बाकीचं सगळं किरकोळ वाटावं. अजूनही बायको साडीला कडक स्टार्च करून ती झटकते, तेव्हा त्या सळसळीने मी मागे वळून बघतो. स्टार्च मक्याचा असतो हे तिला माहीत आहे, पण मी का दचकतो हे तिला चार वेळा सांगूनही पटलेलं नाही.

तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या शेठची जमीन होती. आज तिथे इमारती आहेत. तेव्हा जंगल सुरू कुठे होतं आणि शेत संपतं कुठे, हे गुरांनाही कळत नसे. शेठचे घाटकोपरच्या बाजूला दोन धंदे होते. एक स्टार्चचा कारखाना, आणि त्याला लागून लाकडी खोकी बनवायचं वर्कशॉप. दोन्हीची मागणी नुसती वाढत होती. गिरण्यांना सुताला खळ द्यायला स्टार्च हवा, औषधवाल्यांना गोळ्या घट्ट बसायला हवा, डिंक करणाऱ्यांना हवा, धोब्यांना तर हवाच. आणि हा सगळा माल, शिवाय कंदिलाच्या काचेच्या चिमण्या, साबण, बाटल्या, जायचा कशातून? तर पाइनच्या खोक्यांतून. हलकं लाकूड, खिळा सरळ जातो, फुटत नाही. पण हे पाइन यायचं पार उत्तरेतून, रेल्वेच्या वाघिणींतून, आणि वाघिणी कधी मिळतील याचा नेम नसे.

एके दिवशी शेठ जमिनीवर आले, छत्री मातीत रोवली आणि म्हणाले, "दत्ताभाई, मका पण इथे लाव, पाइन पण इथेच लाव. दोन्ही झाडंच आहेत ना? मग झालं तर!"

मी कृषी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, नोकरी टिकवायची, म्हणून "हो शेठ" म्हणालो. पण ही दोन झाडं शेजारी ठेवणं म्हणजे खवय्या आणि उपासकरी एका पानावर जेवायला बसवणं. मका खादाड. त्याला शेणखत द्या, पाणी द्या, ऊन द्या, तो घेतच राहतो आणि तीन-साडेतीन महिन्यांत कणीस हातात ठेवून मोकळा होतो. पाइनचं सगळं उलटं. खत घातलं की बिघडतो, पायाशी पाणी साचलं की मरतो, त्याला निकृष्ट, रेताड, निचऱ्याची जमीन आवडते. खोक्याची फळी निघायची तर वीस-पंचवीस वर्षं वाट बघा. म्हणजे शेठ नेमके कुणासाठी लावत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि विचारायची हिंमतही नव्हती. दर खेपेला ते छत्रीने उंची मोजत. "मका बघ, माझ्या डोक्याच्या वर गेला. आणि तुझा पाइन? तो तर माझ्या चपलेच्या वर पण नाय आला!" माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

माझ्या हाताखाली म्हणून दिलेला माणूस म्हणजे भिकूदादा. हाताखाली कसला, डोक्यावर! मालवणकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. आधी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्या खडखडाटाने दोन्ही कान जवळजवळ गेले, म्हणून ती नोकरी सुटली. समोर उभं राहून ओठ हलवले तर त्याला समजायचं, पाठीमागून तोफ डागली तरी नाही. तो आणि त्याची बायको भागीरथीवहिनी तिथेच शेताच्या कडेला झोपडीवजा खोलीत राहत. दोघांना मूलबाळ नव्हतं. पाइनची रोपं भिकूदादाने पोरांसारखी जपली, आणि तिथेच पहिला घोळ झाला. तहानलेलं रोप त्याला बघवत नसे. मक्याला पाणी देऊन येताना तो पाइनलाही देई. पंधरवड्यात मुळाशी बुरशी लागून सगळ्या रोपांनी बुंध्याशी माना टाकल्या.

"अरे दादा, मारलंस ना त्यांना!" मी ओरडलो.

"पाणी दिल्यान कोण मरता?" तो म्हणाला. त्याला हे खरंच पटत नव्हतं.

दुसरी लावणी जगली, पण पिवळी पडली. पाइनची एक गंमत आहे. नव्या जागी तो एकटा धड वाढत नाही. जुन्या पाइनच्या मुळांपाशी एक बुरशी असते, ती त्याला मातीतलं अन्न मिळवून देते. एक बुरशी मारते आणि दुसरी तारते, असा हा प्रकार. मग जुना पाइन शोधत मी उपनगरं पालथी घातली. जो तो मला सुरूचं झाड दाखवायचा आणि "हाच ना?" म्हणायचा. शेवटी अंधेरीच्या एका बंगल्यात खराखुरा सापडला. मालकीण सेलीनबाई, मूळच्या तिथल्याच, अस्सल ठसक्याच्या. "माझ्या नवऱ्याने डोंगरातून आनलेला झाड हाय तो. त्याची माती तुला कशाला रं? जादूटोना करतोस?" अर्धा तास समजावल्यावर दोन टोपल्या माती मिळाली, ती दर आठवड्याला कोवळी कणसं आणून द्यायच्या बोलीवर. ती माती घातली आणि रोपं हिरवी झाली. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळी वाट इथेच लागली. पावसाळ्यात पाइनचे पाय कोरडे राहावेत म्हणून आम्ही शेताच्या मधोमध उंच ओटा केला, त्यावर वाळू अंथरली, आणि वर भिकूदादाने नारळाच्या झावळ्यांची झापं विणून छप्पर केलं. सकाळी उघडीप असली की झापं काढायची, पाऊस आला की घालायची, हे त्याचं काम. भोवतीची जमीन रिकामी का ठेवायची, म्हणून चहूबाजूंनी मका. वाराही अडेल, दुपारच्या उन्हात सावलीही मिळेल, शेठही खूश. आत जायला एकच चिंचोळी वाट ठेवली. आम्हा दोघांना ही रचना झकास वाटली होती. मुलुंडच्या धो धो पावसात आपण डोंगराला लागून एक कोरडी, मऊ, छप्पर असलेली, चारी बाजूंनी आडोशाची जागा तयार केली आहे, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

श्रावणापर्यंत मका डोक्यावर गेला. कडेची कणसं कुणीतरी खाऊ लागलं. सगळे म्हणाले, रानडुकरं. वस्तीतली दोन कुत्री दिसेनाशी झाली. सगळे म्हणाले, गेली असतील कुठेतरी. भिकूदादा एकदा म्हणाला, "झापांखाली मांजराचो वास येता रे." मी म्हटलं, मांजर असेल. डुकरांच्या बंदोबस्तासाठी शेठनी आपला पुतण्या जयंतीभाई याला बंदूक देऊन पाठवलं. तरुण, गोरा, नव्या कोऱ्या बुटांतला. कुठे काही हललं की याचा हात बंदुकीकडे. मला डुकरांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची.

दोन आठवड्यांच्या झडीनंतर त्या सकाळी ऊन पडलं होतं. भिकूदादा झापं काढायला आत गेला. मी थोड्या वेळाने त्याच्यामागे निघालो आणि वाटेच्या तोंडाशीच थबकलो. ओल्या चिखलात त्याच्या अनवाणी पावलांचे ताजे ठसे होते. त्यातल्या एका ठशावर, टाचेच्या खड्ड्यात, दुसरा ठसा उमटला होता. गोल, चार बोटांचा, माझ्या तळहाताएवढा.

म्हणजे तो आत गेल्यावर, त्याच्यामागून, बिबट्या आत गेला होता.

माझी पाचावर धारण बसली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ज्याला ऐकू जायला हवं त्याला ऐकू जाणार नव्हतं, आणि जे जनावर बिथरायला नको तेच बिथरलं असतं. पाखरं राखायला बांधलेल्या माचावर मी चढलो. माचावरून मक्याचे तुरे दिसत, आणि मधली पाइनची जागाही. एक झाप उचलून बाजूला ठेवलेलं होतं. त्याच्याजवळ भिकूदादा उकिडवा बसला होता. मान खाली, हात गुडघ्यांवर, जराही न हलता. त्याच्या पलीकडे, दोन-चार ओळी सोडून, मक्याचे तुरे हलत होते. वारा अजिबात नव्हता.

मग तुरे हलत हलत डोंगराच्या बाजूला गेले. बांधावर ती बाहेर आली. मादी होती. तिच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं, ते बघून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण ते तिचं पिल्लू होतं. मानेला धरलेलं, मांजरीसारखं. ती झाडीत शिरली आणि तेव्हा मला सगळा उलगडा झाला. ती आमच्या पाइनच्या ओट्यावर व्याली होती. झाप उचललं तेव्हा दादासमोर पिल्लं होती, आणि तेवढ्यात मागून आई आली.

आता पळ, दादा, पळ! मी मनात ओरडत होतो. पण तो हलला नाही. आणि लगेच बांधावरून ती परत आली, तुरे पुन्हा आतल्या बाजूला हलत गेले.

खाली एव्हाना माणसं जमली होती. तोच ठसा त्यांनीही पाहिला होता. कुणी पत्र्याचा डबा उचलला, कुणी काठी. जयंतीभाईने बंदूक भरली. मी माचावरून जवळजवळ पडतच उतरलो आणि हात जोडले.

"आवाज करू नका रे, पाया पडतो! ती पिल्लं हलवतेय. हलवू दे. डबे वाजवलेत तर ती बाहेर नाही पळणार, पिल्लांकडेच जाणार. आणि तिथे दादा बसलाय!"

"अरे, मैं अंदर जाके उडा देता हूँ ना," जयंतीभाई म्हणाला.

"कुणाला उडवणार? आत दोन हातांवर दिसत नाही काही!"

तेवढ्यात भागीरथीवहिनी भाकरीचं फडकं घेऊन आल्या. त्यांना कुणी सांगायची गरजच पडली नाही. चिखलातला ठसा बघितला, माझं तोंड बघितलं. मी फक्त म्हणालो, "वहिनी, दादा आत आहे. जिवंत आहे. आवाज होता कामा नये." त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि वाटेच्या तोंडावर फतकल मारून बसल्या. जयंतीभाई पुढे सरकला तेव्हा पदर काढून एवढंच म्हणाल्या, तेही कुजबुजत, "पयली माका घाला गोळी, मगे आत जावा." तो मागे झाला.

मी पुन्हा माचावर गेलो. मादी दुसरं पिल्लू घेऊन बांध ओलांडताना दिसली. माझा जीव भांड्यात पडला. दोनच पिल्लं असतात, असं मी धरूनच चाललो होतो. आता दादा उठेल, आता उठेल. तो उठेना. पाऊस सुरू झाला. उघड्या रोपांवर सरी आदळू लागल्या तरी तो उठेना. हा माणूस, जो माझं जेवणाचं ताट सोडायला लावून मला झापं घालायला पळवायचा! माझ्या मनात नको ते आलं. भीतीने माणसाचं हृदय बंद पडतं असं ऐकलं होतं. तो बसल्या बसल्या गेला तर नाही?

खाली जयंतीभाई म्हणत होता, "वो तो चली गयी ना? अब जाने दो." वहिनी त्याच्याकडे नाही, माचाकडे बघत होत्या. ते बघणं मला सोसवेना. बंदुकीच्या आधी मी गेलेलं बरं, असं म्हणून मी खाली आलो, त्यांच्या बाजूने वाटेत पाय टाकला.

मक्याच्या शेतात कधी एकटे शिरला आहात का? चार पावलांवर बाहेरचं जग संपतं. पान पानाला घासतं, त्याची धार गालाला कापते, पावसाचे थेंब पानांवर पडतात आणि प्रत्येक थेंब पाऊल वाजल्यासारखा वाटतो. हाच मका मी सेलीनबाईंना हौसेने नेऊन देत होतो. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर एकाही देवाचं आठवेना.

ओटा दिसला. भिकूदादा तसाच बसला होता. मला पाहून त्याची मान हलली नाही, फक्त डोळे वर आले. ते डोळे मी कधी विसरणार नाही. गुडघ्यावरच्या त्याच्या हाताचं एक बोट हळूच खाली वळलं. बस, खाली बस.

मी बसलो. आणि मग मला दिसलं. उरलेल्या झापाखाली, वाळूवर, आमच्या पाइनच्या रोपांच्या दोन रांगांमध्ये तिसरं पिल्लू होतं. डोळे किलकिले करून ते एका रोपाचं टोक चावत होतं.

माझ्या पाठीमागे पानं वाजली.

मी वळलो नाही. वळता आलंच नसतं, मानेत जीवच नव्हता. तो मांजराचा वास आला, ओल्या केसांचा, उग्र. मग तिचा श्वास ऐकू आला, आणि श्वासाखाली एक घरघर, जी ऐकू येण्याआधी छातीत जाणवली. दादाला ती ऐकू येत नव्हती. तो माझ्या खांद्यावरून तिच्याकडे न बघता वाळूकडे बघत होता. मीही वाळूकडे बघू लागलो. ती माझ्या उजव्या बाजूने गेली, इतक्या जवळून की तिच्या अंगावरचं पाणी माझ्या हातावर उडालं. ओट्यावर चढली. पिल्लाला उचललं. क्षणभर थांबली. तेवढ्या वेळात मी माझ्या आईला, जी गावी होती, मनातल्या मनात नमस्कार केला.

मग मका हलला, आणि सगळं शांत झालं.

किती वेळाने कोण जाणे, भिकूदादा उठायला गेला आणि कोसळला. पायांना मुंग्या आल्या होत्या. मी हात दिला. उभा राहिल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? माझ्या कानाखाली सणसणीत आवाज काढला. मग वळून, लंगडत, भिजलेल्या रोपांवर झाप घातलं.

बाहेर आलो तेव्हा वहिनी तिथेच बसलेल्या होत्या. पदर पुन्हा तोंडात होता, तो त्यांना काढताच येईना, दातखीळ बसली होती. बायकांनी पाणी शिंपडून ती सोडवली. मग त्या दादाकडे बघून म्हणाल्या, "भाकरी निवली," आणि हमसून हमसून रडू लागल्या.

पुढचं थोडक्यात. शेठनी मका तातडीने कापायला लावला. डबे वाजवत, जीव मुठीत धरून आम्ही तो कापला. आडोसा गेला आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाइनची रोपं एकेक करून करपली. जगलेलं एक रोप मी अंधेरीला सेलीनबाईंच्या दारी लावून आलो. शेठ म्हणाले, "जाऊ दे, पाइन आपण वाघिणीनेच मागवू." त्यांना रेल्वेची वाघीण म्हणायची होती. कुणाला हसू आलं नाही. मला मात्र त्या रोपांची हळहळ अजून वाटते. तीन-चार वर्षांत ती माझ्या खांद्यापर्यंत आली असती.

भिकूदादा त्यानंतर बरीच वर्षं माझ्याबरोबर होता, पण त्या सकाळबद्दल कधी बोलला नाही. थंडीत त्याचे गुडघे धरायचे, तेव्हा टर्पेंटाइन चोळून दे म्हणायचा. तेही पाइनच्याच चिकाचं, आणि त्या वासाबरोबर दोघांनाही सगळं आठवायचं. शेवटी नोकरी सोडून ती दोघं गावी निघाली, तेव्हा मला भेटायला घरी आली. माझ्या बायकोने हौसेने कणसं भाजली होती. दादाने हातात घेतलेलं कणीस तसंच खाली ठेवलं. मी समोर बसलो, माझे ओठ त्याला दिसतील असा.

"दादा, एक विचारू? त्या दिवशी मला मारलंस का?"

त्याने उलट मलाच विचारलं.

"तू आत कित्याक इलंस?"

"तू बाहेर येईनास म्हणून."

"मी थंयसर एकटो बसलंय होतंय ना," तो म्हणाला, "तेव्हा माका कायच वाटूक नाय. म्हातारो माणूस, पोर नाय, बाळ नाय. वाघीण आपली पोरां नेता, नेऊ दे. माका खायत तर खाऊ दे." त्याने हात पुढे करून माझा गुडघा धरला. "मगे मक्यातसून तुझे पाय दिसले. तेव्हा मी भियालंय."